दोरी खदीजाच्या हातात

मकबूलचा डावा कान गेला तो गेल्या वर्षी, समुद्रातल्या खडकाच्या कपारीत शेवंड, म्हणजे मोठा काटेरी झिंगा, शोधताना. पाण्याचा दाब बसला, पडदा फाटला आणि त्या बाजूला कायमची सामसूम झाली. बेलापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "परत बुडी माराल तर दुसराही जाईल." त्याच्या बायकोने, खदीजाने, ते नीट ऐकलं. मकबूलने बहुतेक डाव्या कानाने ऐकलं.

म्हणून आज होडीत दोरी धरून बसलेल्या खदीजाचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. आधी हे काम तिचा दीर बासित करायचा. तो दुबईला गेला आणि दोरी हिच्याकडे आली. एक टोक बुडी मारणाऱ्याच्या कमरेला, दुसरं वरच्या माणसाच्या हातात. वरच्याने नको म्हटलं की नको, हा मकबूलच्या अब्बांनी घालून दिलेला नियम. बाईमाणूस दोरी धरतं म्हणून धक्क्यावरचे पुरुष फिदीफिदी हसायचे. हसोत मेले!

होडीत तिसरा होता रणजीत, हॉटेलांना मासळी पुरवणारा दलाल. पट्ट्याला पेजर, डोक्यावर छत्री, नाकाला रुमाल. "वाशीचं लग्न आहे, भाभी. शेवंड टेबलाच्या मधोमध मांडणार. मिशा मात्र दोन्ही सलामत पाहिजेत."

उरणच्या बाजूचं पाणी गढूळ, खाली डोळ्यांचा उपयोग नाही. कपारीत हात घालून शेवंडीची पाठच दाबावी लागते. मिशीला धरलं तर मिशी हातात ठेवून ती पसार होते. मकबूल खाली गेला. दोरी सरसर सुटत राहिली आणि खदीजाचा जीव टांगणीला लागला. अखेर दोन हिसके बसले. तिने दात-ओठ खात ओढलं.

मकबूल वर आला. हातात भली मोठी शेवंड, तळहात काट्यांनी फाटलेला. शेवंडीची एक मिशी मुळापासून तुटली होती.

"छ्या! एकच मिशी?" रणजीतने तोंड वाकडं केलं. "हा पीस नाय चालणार. अजून एक बुडी मारा ना, मकबूलभाई."

मकबूलच्या उजव्या कानातून रक्ताचा बारीक ओघळ आला होता. खदीजाला दिसू नये म्हणून त्याने तो खांद्याने पुसला. पण तिला दिसलाच.

"मारतो की," मकबूल म्हणाला. रणजीतपेक्षा तिला या दोन शब्दांचाच जास्त संताप आला.

"शेवंडीची मिशी तुटली ती तुमाला लगेच दिसली," ती रणजीतवर कडाडली. "माझ्या नवऱ्याच्या कानातून रगत येतंय, ते नाय दिसत?"

"भाभी, टेन्शन कशाला घेता..."

"चूप बसा!" तिने मकबूलच्या कमरेची गाठ सोडायला घेतली.

"खदीजा, ऑर्डर हाय गं," मकबूल पुटपुटला.

"दोरी माझ्या हातात हाय. बासित नको म्हनायचा तवा तुमी मुकाट्यानं बसायचात. मी म्हनते तर का नाय? मी बाई हाय म्हनून?"

मकबूलने गाठ सोडू दिली.

"बरं, बरं, हीच द्या," रणजीत घाईघाईने म्हणाला. "मिशी चिकटवू कायतरी करून."

खदीजाने शेवंड उचलली आणि सरळ पाण्यात सोडून दिली. मग दोरीची वेटोळी करून तिच्यावरच बसकण मारली.

परतताना रणजीत मकबूलच्या डाव्या बाजूला बसून सारखा तणतणत होता. मकबूल निवांत सुकाणू धरून होता. बऱ्याच वेळाने त्याने बायकोला विचारलं, "हा कायतरी बोलतोय काय?"

खदीजा उठून त्याच्या उजव्या बाजूला आली. ओढणीने त्याचा कान पुसला. मग हळूच म्हणाली, "माझं ऐकू येतंय?"

"येतंय ना."

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.