तोंड तेवढं बदला

बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या बाहुल्यांवर गिऱ्हाइकांच्या घरच्यांचे चेहरे रंगवायचे, हा बारीकबाईचा धंदा. चार केसांच्या ब्रशने ती भुवई काढायची आणि रेघ जरा जाड झाली की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीने कडा कोरून घ्यायची. त्या कामावरूनच हे नाव पडलं होतं, नाहीतर अंगाने बाई चांगली दणकट.

त्या सकाळी एक सासूबाई नातीला घेऊन आल्या आणि पाटावरच्या खुंट्यांवर बसवलेला पाच बाहुल्यांचा जुना संच त्यांनी टेबलावर ठेवला. बारीकबाईने आपलं काम लगेच ओळखलं. दोन वर्षांपूर्वी यांच्याच सुनेने हौसेने तो करून घेतला होता. सून आठ महिन्यांपूर्वी कॅन्सरने गेली, मुलाचं परवा दुसरं लग्न झालं, हे सासूबाईंनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग सुनेची बाहुली पुढे सरकवली.

"धड तेच राहू दे. तोंड तेवढं बदला."

नवी बाहुली करून देते, पैसेही नकोत, असं बारीकबाई म्हणाली. सासूबाईंना ते पटेना. पाटावर खुंट्या पाचच, आणि चांगली वस्तू वाया कशाला घालवायची? कपडे नवीलाही शोभतील, असं वर म्हणाल्या. पाच-सहा वर्षांची नात शेजारीच उभी राहून सगळं ऐकत होती, त्याचं त्यांना काही नव्हतं. असल्या बाईशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. बारीकबाईने नव्या सुनेचा फोटो ठेवून घेतला. पण या पोरीच्या आईचं तोंड आपण पुसायचं नाही, ती बाहुली गुपचूप पोरीलाच द्यायची, हे तिने तिथेच ठरवलं.

तिने दुसरी कोरी बाहुली घेतली, कपडे हुबेहूब तसेच रंगवले, वर नवीचा चेहरा काढला आणि केसांचा सुटा टोप डोक्यावर बसवला. नवीचा यात काय दोष, हे कळत होतं, तरी प्रत्येक रेघेला तिला शिसारी येत होती. मध्येच उठून तिने साबणाने हात धुतले.

दोन दिवसांनी दोघी पुन्हा आल्या. सासूबाई भिंग घेऊन खिडकीशी गेल्या.

"छान! कुणाला कळणारसुद्धा नाही," त्या समाधानाने म्हणाल्या.

तेवढ्यात बारीकबाईने जुनी बाहुली पोरीच्या मुठीत दिली. तुझी आई आहे, सांभाळून ठेव, असं तिच्या कानात सांगितलं. पोरीने मूठ उघडून पाहिलं. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग तिने बाहुलीच्या केसांखाली नख घातलं आणि केसांचा तो टोप उपटून काढला.

"आईला केस नव्हते," ती हळूच म्हणाली. "आता आई आहे."

टोप तिने टेबलावर ठेवून दिला. त्यावर बारीकबाईने एकेक बट वेगळ्या रंगात काढली होती आणि त्या कामाचा तिला फार गर्व होता. आता तिला त्याच्याकडे बघवेना.

काय चाललंय, असं सासूबाईंनी खिडकीजवळूनच विचारलं. रंग वाळला का बघतोय, बारीकबाई म्हणाली. पोर आजीचं बोट धरून निघाली आणि दाराबाहेर पडेपर्यंत तिने दुसरा हात खिशातून काढला नाही.