शेषनागाच्या मिशीचा केस

सास्तूरला नीलम्मा काकूंच्या अंगणात त्या सकाळी इतकी माणसं जमली होती, की गोठ्यातल्या गाईला धड वळताही येत नव्हतं. सगळा प्रकार चालला होता तिच्यासाठीच! पोरं भिंतीवर चढलेली, बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या, आणि मधोमध घोंगडीवर काडीबाबा.

"बोला, कुणाच्या मिशीचा केस हाय ह्यो?" बाबा गरजला.

"शेषनागाच्या!" सगळं अंगण ओरडलं.

नागाला मिशी कधी फुटली, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. मी वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करते, पण मलाही सुचलं नाही. खोटं कशाला सांगू?

केस म्हणजे बोटभर लांबीची, मधेच वाकलेली, शेंदूर फासलेली काडी. बाबाच्या सांगण्याप्रमाणं ती पाताळातून निघाली, हिमालयात बारा वर्षं राहिली आणि मग त्याच्या स्वप्नात आली. उमरग्याहून सास्तूरपर्यंत मात्र ती जीपनं आली होती, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

काकूंच्या देवणी गाईच्या दुधात तीन दिवसांपासून रक्त आणि गुठळ्या येत होत्या. बाबानं गाईकडं न बघताच सांगितलं, "नजर हाय. कुणीतरी जळतंय. ज्याच्या हातात केस फिरंल, त्यो जळका." गोठ्याकडं रोज येणारे चौघं त्यानं समोर बसवले. दूध न्यायला येणाऱ्या इरम्मा, मेंढरं घेऊन जाताना पाणी प्यायला थांबणारे बब्रुवान मामा, तरन्नुम आणि मी.

आम्ही दोघी तिथं कशा, ते सांगते. गावामागच्या माळावर आमचं देशी गवतांचं काम चालू होतं. मीटरभराची चौकट टाकायची, आत कोणकोणती गवतं आहेत ती मोजायची आणि नमुने वर्तमानपत्रात दाबून काकूंच्या ओसरीवर ठेवायचे. चौकट दोघींची, पण विषय वेगवेगळे. मी घेतलं होतं मारवेल, जनावरांचं आवडतं, भारदस्त गवत. उमरग्याच्या बशीर टेलरांच्या या तरन्नुमनं काय घ्यावं? कुसळ! सलवारीला चिकटतं ते कुसळ! मी आठवडाभर हसले. आणि आमच्या मार्गदर्शक मॅडमनी विद्यापीठाच्या चर्चासत्राला पाठवायला कुणाचा निबंध निवडला? कुसळाचा.

तेव्हापासून माझ्या पोटात नुसती आग होती. दिवाळीची करंजीसुद्धा गोड लागली नाही. तिचं अक्षर सुंदर म्हणून राग, तिला ऊन लागत नाही म्हणून राग, तिनं डब्यातली खिचडी अर्धी मला दिली तर त्याचाही राग. रोज ती नमाजाला बसली, की मी तिची वही उघडून पानं मोजायचे. माझ्यापेक्षा जास्तच भरायची, मेली.

तर बाबानं परीक्षा सुरू केली. तळहातावर काडी ठेवायची, बुडखा त्यानं स्वतःच्या अंगठ्यानं दाबायचा आणि अकरा वेळा मंत्र. त्याच्या उजवीकडं अंगाऱ्याची वाटी, डावीकडं तीर्थाचा तांब्या. इरम्मांच्या हातात काडी हलली नाही. बब्रुवान मामांच्याही नाही.

"आता तू ये, पोरी," त्यानं तरन्नुमला बोलावलं.

आणि तेव्हा मी मनात काय म्हटलं असेल? म्हटलं, फिर गं बाई, फिर! हिच्याच हातात फिर! सगळ्या गावासमोर हिचं तोंड उतरू दे. देवाशपथ, असंच म्हटलं. काडी ढिम्म राहिली. तरन्नुम शांतपणे उठून ओढणीला हात पुसत बाजूला झाली आणि माझं तोंड अजूनच कडू झालं. बाबा ते सगळं बघत होता.

माझी पाळी आली. त्यानं अंगठा टेकवला. सात मंत्र झाले, आठ झाले आणि काडीचं टोक हललं. हळूहळू घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरायला लागलं, आणि गर्दी ओरडत सुटली.

"सापडली!" बाबा उठून उभाच राहिला. "हिच्या डोळ्यात जळण हाय! हाय का न्हाय, खरं बोल!"

आता मी काय बोलणार? होतंच की! मी जळत होतेच. या काडीला कसं कळलं? माझं सगळं पुस्तकी ज्ञान त्या क्षणी पाण्यात गेलं. मी मान खाली घातली.

"अय्यो, शिवरंजनी, तू गं?" नीलम्मा काकू रडायलाच लागल्या. "माझ्या गाईनं तुझं काय केलं होतं?"

"रडू नका, माय. उपाय हाय." बाबानं घोंगडीखालून द्रोण काढला. त्यात पांढरा, दाट चीक होता. "रुईचा चीक. मारुतीरायाच्या आवडीचं झाड. एकेक थेंब डोळ्यात घातला की नजर कायमची उतरती."

रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं, दृष्टी जाऊ शकते. हे मला तोंडपाठ होतं, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तरी मी हलले नाही. वाटलं, मी गुन्हेगार आहे, होऊ दे. दोन बायांनी माझं डोकं धरलं, मागं केलं.

"हात काढा तिच्यावरचे!"

तरन्नुमचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. गर्दी ढकलत ती आली आणि तिनं तो द्रोण हिसकावून उकिरड्यावर फेकला.

"बाबा, अंगठा दाखवा."

"केसाजवळ येऊ नको! नाग कोपंल!"

"कोपू दे. अंगठा दाखवा. बब्रुवान मामा, तुम्ही बघा. ओला आहे का कोरडा?"

बब्रुवान मामांनी बाबाचं मनगट धरलं. उभा जन्म मेंढरं धरणारा हात तो, सुटतोय कसला! "वल्ला हाय," मामा म्हणाले.

"आम्हा तिघांच्या वेळी अंगाऱ्यात बुडवला होता. हिच्या वेळी तीर्थात. मी बघत होते." तिनं पिशवीतून पाकीट काढलं. त्यात तिची ती कुसळं, मोजलेली, नंबर घातलेली. एकाचं बी तोडून शेपूट तेवढं तिनं मामांच्या तळहातावर ठेवलं आणि कोरड्या अंगठ्यानं दाबलं. काही नाही. मग काकूंच्या घागरीत अंगठा बुडवून दाबलं. सगळे वाकून बघायला लागले. शेपूट फिरायला लागलं. तसंच, गोल, सावकाश.

"याचा पीळ ओला झाला की सुटतो, वाळला की परत बसतो," तरन्नुम म्हणाली. "पहाटे दव पडतं, दिवसा ऊन लागतं. तसं पिळत पिळत बी स्वतःला जमिनीत रुजवून घेतं. यात नाग नाही आणि मंत्रही नाही."

मामांनी बाबाच्या हातातली काडी घेतली, नखानं शेंदूर खरवडला आणि बघतच राहिले.

"आरं तिच्या मायला! ह्ये तर कुसळ! लोकरीतनं रोज मूठ मूठ उपटून फेकतो की म्या! शेंदूर लावला, तर हात जोडून बसलो व्हय आमी?"

सगळं अंगण हसलं. ज्यांच्या धोतरात, गोधडीत, मेंढरांच्या कातड्यात जन्मभर कुसळं घुसली, त्यांनीच त्याला शेषनागाची मिशी म्हणून नमस्कार घातला होता. हसण्याच्या गडबडीत बाबा घोंगडी सोडून पळाला. इरम्मा मागून ओरडल्या, "अहो महाराज, मिशी राहिली तुमची!"

दुपारी लोहाऱ्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी कास दाबून पाहिली. दगडी झाली होती, म्हणजे कासेला सूज. इंजेक्शनं दिली, धार काढण्याआधी कास धुवायला सांगितलं. आठवड्यानं दूध स्वच्छ आलं.

पण त्या दुपारीच काकूंनी माझा हात धरून विचारलं होतं, "म्हणजे तुझ्या मनात काही नव्हतं ना गं? उगंच बोलले मी तुला."

नव्हतं म्हणून सुटता आलं असतं. तरन्नुम ओसरीवर पाकिटं लावत होती. म्हटलं, जिनं आत्ता माझे डोळे वाचवले तिच्यासमोर खोटं बोलायचं?

"होतं काकू. मी जळत होते. गाईवर नाही, हिच्यावर. काडी हिच्या हातात फिरावी असं मला वाटत होतं."

काकूंचा हात सुटला. तरन्नुमनं मान वर केली नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "वहीची पानं मोजून झाली, की तू ती उलटी ठेवायचीस."

"मग मला वाचवलंस कशाला?"

"तू जळतेस म्हणून तुझे डोळे जाऊ द्यायचे? काहीही काय बोलतेस." आणि तिनं पाकिटांचा अर्धा गठ्ठा माझ्याकडं सरकवला. "नंबर बघून लाव."

मी लावायला बसले. खरं सांगू? अजूनही थोडी जळते. पण लोकहो, एवढं ऐका. माझं जळणं खरं होतं, तरी काडी फिरली ती पाण्यानं, आणि दूध नासलं ते सुजेनं. जळण्यानं माझी करंजी कडू झाली, गाईच्या कासेपर्यंत ते कधी पोचलंच नाही. बाबानं माझा चेहरा वाचला होता, मन नव्हे. उद्या तुमच्या अंगणात कुणी अशी काडी फिरवून दाखवली, तर हात जोडण्याआधी त्याचा अंगठा बघा. आणि कुणाच्या डोळ्यात चीक घालायला डोकं धरा म्हणून सांगितलं, तर हात काढून घ्या. ते डोळे माझ्यासारख्या जळकीचे असले तरीही.