ताईचं पाणी

वस्तीची विजेची डीपी जळून चार दिवस झाले आणि ज्ञानू पाणी मागायला लागली.

ज्ञानू म्हणजे दीपाची थोरली मुलगी, ज्ञानेश्वरी. तिला जाऊन सात वर्षं झाली होती. पाणी मागायची ती पाच वर्षांची धाकटी नंदू, पण थोरलीच्या नावानं. दुपारी भाकरी थापताना दीपाच्या पदराला धरून ती हळूच म्हणाली, "आई, ताईला पानी पायजे." नंदूनं ताईला कधी पाहिलेलंही नव्हतं. भिंतीवरच्या फोटोतली दोन वेण्यांची मुलगी, एवढीच तिची ओळख. दीपाच्या हातातली भाकरी तव्यावर वेडीवाकडी पडली.

शेवगावपासून आठ किलोमीटरवरची ती वस्ती. मे महिना, आणि वायरमन 'उद्या येतो' म्हणून गेलेला. त्याचा उद्या काही उजाडत नव्हता. सगळ्यांचे पंखे बंद पडले, मोटारी बंद पडल्या. दीपाच्या घरी फ्रिज बंद पडला आणि फ्रिजमध्ये नंदूचं इन्सुलिन होतं. वर्षापूर्वी नंदूला शुगर निघाली होती. लेकरांची शुगर वेगळी, अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, जन्मभर दिवसातून चार वेळा टोचावं लागतं, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तरी म्हातारपणाचं दुखणं लेकराला कसं झालं हे विचारायला अख्खी भावकी येऊन गेली, आणि येताना शहाणे लोक पेढे घेऊन आले.

लाईट गेली तर काय करायचं तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवायचं, मधे वाळू भरायची, ती वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची आणि लहान मडक्यात इन्सुलिनची बाटली ठेवायची. मोठं मडकं घरात होतं. लहान मडकं सासूबाईंनी, भागिरथीबाईंनी, माळ्यावरून शोधून काढलं. "हे बग, कसं बेताचं हाय," त्या पदरानं धूळ पुसत म्हणाल्या. दीपानं ते ओळखलं. तेच मडकं होतं.

सात वर्षांपूर्वी सहा वर्षांची ज्ञानू दिवसभर घटाघटा पाणी प्यायची आणि रात्री अंथरूण ओलं करायची. रोज उठून गोधड्या धुऊन दीपा मेटाकुटीला आली. शेवटी तिनं पाण्याचं मडकं उचललं आणि उंच फळीवर ठेवून दिलं. दिवेलागणीनंतर पाणी मिळायचं नाही, असा दमच भरला. चार संध्याकाळी ज्ञानू त्या फळीखाली उभी राहून, "आई, घोटभर दे ना गं," म्हणत होती. पाचव्या दिवशी तिला धाप लागली आणि शेवगावला नेता नेता वाटेतच ती गेली. ताप डोक्यात गेला, असं लोक म्हणाले. दीपानंही तेच धरलं. गेल्या वर्षी नगरच्या डॉक्टरांनी नंदूचे कागद भरताना विचारलं, "खूप तहान, अंथरूण ओलं करणं, असं आधीच्या कुठल्या मुलाला होतं का?" नवरा रविराज तेव्हा खाली मेडिकलमध्ये गेला होता. दीपाच्या डोळ्यांपुढे फळी उभी राहिली. "नाही," ती म्हणाली.

त्या एका शब्दानंतर तिला धड झोप अशी लागली नाही. नंदूनं मागितलं की पाणी ती देई, पण देताना तिचे डोळे वाहू लागत, आणि लगेच नंदूचं बोट धरून, सुई टोचून, मशीनवर शुगर बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पोरीच्या बोटांची टोकं चाळणी झाली होती.

आता ते मडकं पुन्हा घरात आलं. नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागलं असतं. "मडक्याचं तुमीच बगा, आत्याबाई," एवढंच ती सासूबाईंना म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. भागिरथीबाई चार दिवस बाटली काढून देत होत्या आणि परत ठेवत होत्या, मोठ्या निगुतीनं. वाळू ओली करायची असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या मडक्याला पाणी घालायचं, हे शब्द दीपाच्या तोंडातून निघाले नाहीत.

चौथ्या दिवशी ताईनं पाणी मागितलं. भागिरथीबाईंनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "तान्हेनं जीव गेला असंल तर मागतो गं," त्या म्हणाल्या, "ठिव फोटोपुढं." दीपानं फुलपात्र भरून फोटोखालच्या स्टुलावर ठेवलं. भाकरी उरकून येऊन बघते तर फुलपात्र रिकामं. 

त्या दिवशी तिनं पाच वेळा फुलपात्र भरलं आणि पाचही वेळा ते रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी तांब्याच ठेवला, तर तोही दुपारपर्यंत कोरडा. घरात कुणी मोठ्यानं बोलेना. रविराज टेम्पो घेऊन भाड्यावर गेलेला, त्याला फोनवर काय सांगणार? दीपा स्टुलापाशी बसून पुटपुटत होती, "पी बाई, पोटभर पी. आता कोण अडवतंय तुला." आपली पोर सात वर्षं तहानलेली फिरते आहे, आता ती नंदूला न्यायला आली आहे, हे तिच्या मनानं पक्कं धरलं. भीती तर वाटतच होती. पण खरं सांगायचं तर त्या भीतीत थोडं सुखही होतं. इतक्या वर्षांनी लेकीला पाणी देता येत होतं.

या सगळ्यात नंदूची शुगर वर चालली होती. आदल्या सकाळी दोनशे ऐंशी, आज सकाळी साडेतीनशे. शेजारच्या पंकजाकडं पोरं आंबे चोखत होती, तिथंच हिनं हात मारला असणार, असं म्हणून दीपानं त्यावर पडदा टाकला. एरवी एवढा आकडा बघून तिनं डॉक्टरांना फोन करून भंडावून सोडलं असतं. पण तिचे डोळे फोटोकडं लागले होते. नंदू दोन दिवस पाणी मागत नव्हती, म्हणजे ती बरी आहे, एवढंच तिला दिसत होतं.

तिसऱ्या प्रहरी तिनं पुन्हा तांब्या भरून ठेवला आणि या वेळी ती दाराआड उभी राहिली. ज्ञानू आली तर तिला एकदा डोळे भरून बघायचं होतं, तिचे पाय धरायचे होते.

पडदा हलला. नंदू आली. तिनं आधी चोरासारखं इकडंतिकडं पाहिलं, मग दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. पाणी गळ्यावरून फ्रॉकवर सांडत होतं तरी ती थांबेना. ज्ञानू अशीच प्यायची.

"नंदू!"

तांब्या खाली पडला. पोरगी भिंतीला चिकटून उभी राहिली. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते, डोळे आत गेले होते. दोन दिवसांत हे आपल्याला कसं दिसलं नाही?

"ताईला म्हणून मागायची आन् तूच प्यायची?"

नंदूनं मान डोलवली. "मी मागितलं की तू रडती. सुई टोचती." तिला मधेच धाप लागली. "ताईला देताना न्हाई रडत. झोपंत तर रोजच म्हणती ना तू, ज्ञानू, थांब गं, पानी देते."

दीपाला तिथंच हंबरडा फोडावासा वाटला. पण रडायला वेळ नव्हता. तिनं मशीन आणलं, बोट टोचलं. आकडा आलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली, एच आणि आय. शुगर मशीनच्या मापापलीकडं गेली की असं येतं, आणि असं आलं तर घरी बसायचं नाही, थेट निघायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती मडक्याकडं धावली, आपणहून, पहिल्यांदाच. वाळूत हात घातला. वरच्या पत्र्यानं ती फुफाट्यासारखी तापली होती. आत इन्सुलिनची बाटली चहाच्या कपाएवढी गरम होती; दोन दिवस टोचताना तिचं तिकडं ध्यानच नव्हतं.

"आत्याबाई, वाळू ओली न्हाई केली?"

"ओली करायची असती व्हय?" भागिरथीबाई म्हणाल्या. "मला कोन बोललं?"

कुणीच बोललं नव्हतं. एका मडक्याचं नाव तोंडातून काढायचं नाही म्हणून ती गप्प राहिली आणि दुसरी लेकही तिच्या डोळ्यांदेखत तहानेनं सुकत गेली. पहिलीच्या वेळी तिला ठाऊक नव्हतं. या वेळी सगळं ठाऊक होतं.

पंकजाच्या नवऱ्यानं गाडी काढली. नगरपर्यंतच्या वाटेवर नंदू मांडीवर पडून होती, श्वास जोरजोरात चाललेला. दीपा बाटलीच्या झाकणानं तिला पाणी पाजत होती आणि दर झाकणाला तिचं नाव घेऊन तिला जागं ठेवत होती. शेवगावच्या अलीकडं ज्ञानू जिथं गेली ते वळण आलं. त्या वळणावर दीपानं डोळे मिटले नाहीत.

दवाखान्यात सलाईन लागलं, नवं इन्सुलिन सुरू झालं. रविराज टेम्पोसकट परस्पर तिथं पोहोचला. डॉक्टरांनी जुनी फाईल उघडली. "आता श्वास जरा निवलाय. वेळेत आलात. पण हे झालं कसं?"

"आधी एक मुलगी होती," दीपा म्हणाली.

रविराजनं तिच्याकडं बघितलं.

"तिला पण हेच होतं. गेल्या वर्षी तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. ती पाणी मागत होती, डॉक्टर. मी मडकं फळीवर ठेवलं." मग ती नवऱ्याकडं वळली. "आता इन्सुलिन ठेवलं होतं ते मडकं तेच हाय. म्हणून मी त्याला हात लावत नव्हते. म्हणून औषध खराब झालं."

रविराज उठून बाहेर गेला आणि बराच वेळ जिन्यावर बसून राहिला. डॉक्टरांनी फाईलमधला 'नाही' खोडला आणि त्याच्या पुढं काहीतरी लिहिलं. "तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं," ते म्हणाले. दीपानं मान हलवली. ते तिला पुरणार नव्हतं, हे त्यांनाही कळलं असावं.

सकाळी नंदूनं डोळे उघडले. रविराज पलंगाच्या पायथ्याशी बसला होता, नंदूचे तळवे हातात धरून. दीपाशी तो अजून एक अक्षर बोलला नव्हता, पण रात्री कधीतरी पाण्याची भरलेली बाटली आणून त्यानं तिच्याजवळ ठेवली होती.

"आई," नंदू पुटपुटली, "ताईला..."

मग ती थांबली. आईच्या तोंडाकडं टक लावून पाहत राहिली.

"मला पानी," ती म्हणाली.

दीपाच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहू लागलं. तिला ते थांबवता येईना.

"रडली ना तू," नंदू रुसून म्हणाली.

"रडले," दीपा म्हणाली. तिनं बाटलीचं झाकण काढलं आणि तिच्या मानेखाली हात घातला. "मी रडले तरी तू मागायचं. तुझ्या नावानं मागायचं."