बसलेला बर्फ

गाडीवान येफीमची घोड्याची घसरगाडी अंगणात उभी होती. गोठलेल्या नदीवरून जाणारा रस्ता आज शेवटचा. उद्या ओका नदी घोड्याचं वजन पेलेल याची खात्री तोही देत नव्हता. चित्र आज शहरात पोचलं नाही, तर ग्लाफिराचं यंदाचं प्रदर्शन हुकणार होतं.

चित्र तर पुरं झालं होतं. मार्चमधली दुपार, बर्चची झाडं, मागे कुंपण. तिला सुखाची दुपार हवी होती, पण कॅनव्हासवर उदासी उतरली होती. सकाळी चित्रातल्या उन्हात पिवळा वाढवून पाहिला, तर मोहरी सांडल्यासारखं दिसलं. तो तिने पुसून टाकला.

पेलागेया मावशी चहा घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"कोण गेलं गं?"

"कुठं कोण गेलं?"

"मग ही सुतकी कळा कशाची? आणि तुझा बर्फ उन्हाने खचून बसलेलाच नाही, ग्लाशा. जानेवारीतला आहे हा."

ग्लाफिराने खिडकीबाहेर पाहिलं. बुंध्याकडची काळपट साल उन्हाने तापली होती आणि प्रत्येक झाडाभोवती बर्फ वितळून खोलगट वाटी झाली होती. तिच्या चित्रात झाडं बर्फात खुंट्या ठोकल्यासारखी उभी होती. बर्फ तिने फेब्रुवारीतल्या रेखाटनांवरून रंगवला होता.

ओल्या पांढऱ्यावर तपकिरी लावला तर चिखल होणार. पण खाली गेरूचा थर होता, कधीचा वाळलेला. तिने सुरी उचलली.

"ग्लाफिरा निकितिश्ना," बाहेरून येफीम म्हणाला, "घोड्याला आता मुळं फुटतील."

"फुटू देत. आलेच."

बुंध्यांभोवतीचा पांढरा रंग तिने हलक्या हाताने खरवडला. खालून गेरू वर आला, कोमट, ओलसर मातीसारखा. खरवडलेला रंग कडेला जाड साचला, आणि बर्फाला वजन आलं. बर्फावरच्या निळ्या सावल्यांना तिने हातही लावला नाही. आता त्या उदास वाटत नव्हत्या, नुसत्या सावल्या होत्या.

मावशीने मान तिरकी करून पाहिलं. "आता बसला. चहा निवला तुझा."

ओल्या चित्रावर कापड टाकता येईना, म्हणून ग्लाफिराच ते धरून गाडीत गवतावर बसली.

"नवरी नेल्यासारखं न्यायचंय तर," येफीम म्हणाला.

"पोचू ना?"

"जाताना पोचू. येताना मात्र पुलावरून, दोन दिवसांचा वळसा."

"चालेल," ती म्हणाली. परतायची तिला काहीच घाई नव्हती.