लाल सायकल हिरवी झाली

मित्रांनो, आज माझा रंग हिरवा दिसतो, पण जन्मले तेव्हा मी लाल होते. मी एक जुनी गिअरची सायकल आहे. डोंगरातल्या वाटांसाठी बनवलेली, म्हणून माझे टायर जाड आणि दांडी भक्कम. पंजाबातल्या एका कारखान्यातून ट्रकमध्ये बसून मी वणीला आले, ते साल २००३.

मला पहिल्यांदा घरी नेले मधुसूदनरावांनी. ते टपाल कार्यालयात होते. त्यांची मुलगी गुंजन दहावीत गेली म्हणून त्यांनी मला घेतले. गुंजनने मला दोन वर्षे खूप पळवले. ती शिकवणीला निघाली की गल्लीतली मुले माझे गिअर मोजायला धावत. मग ती शिकायला नागपूरला गेली. मी न्हाणीघरामागच्या लिंबाखाली उभी राहिले आणि तिथेच राहिले. वणीच्या खाणींतल्या कोळशाची बारीक धूळ माझ्यावर बसत गेली. आधी चेन गंजली, मग टायर बसले, मग सीटमध्ये मुंग्यांनी घर केले. बारा वर्षे गेली. कुणी मला मारले नाही, टाकले नाही. फक्त कुणी पाहिले नाही.

मधुसूदनरावांच्या पत्नी रजनीताई मुकुटबनकडच्या एका उपकेंद्रात नर्स होत्या. त्यांच्या हाताखाली अंजू नावाची आशाताई, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, काम करी. ती एका बंजारा तांड्याची सून. औषधांची पिशवी खांद्याला लावून ती रोज दोन तांडे आणि कोलाम आदिवासींचा एक पोड, म्हणजे वस्ती, पायी फिरायची. २०१७ च्या उन्हाळ्यात एकदा ती उपकेंद्रात चप्पल हातात घेऊनच आली. चपलेचा अंगठा तुटला होता.

"किती चालतेस गं तू?" रजनीताईंनी विचारले.

"मोजलं नाई, सिस्टर. मोजलं तं पाय दुखते," अंजू हसून म्हणाली.

दुसऱ्याच रविवारी रजनीताईंनी तिला घरी बोलावून मला दाखवले. "भंगारवाला तीनदा विचारून गेला. तुझ्या कामाची असेल तर ने."

अंजूने माझा पुढचा ब्रेक दाबला. तो तुटून तिच्या हातातच आला. तरी तिने मला काळीपिवळी जीपच्या टपावर बांधले आणि तांड्यावर नेले.

तिचे सासरे खेमसिंग अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"हे लोखंड कायले आणलं? लोक घरातलं भंगार बाहेर काढते, तू बाहेरचं घरात आणून राह्यली."

"मामाजी, गंज वरवरचा हाय. आतून बरी हाय ते."

मित्रांनो, माझ्याबद्दल इतके चांगले कुणी बारा वर्षांत बोलले नव्हते.

अंजूने कधी सायकल खोलली नव्हती. पण तिची एक रीत मला फार आवडली. जी वस्तू काढायची, ती काढलेल्या क्रमाने एका जुन्या लुगड्यावर मांडायची. उलटे लावताना चूक नको. चेन तिने रॉकेलमध्ये भिजत टाकली. गंज काचकागदाने घासला, घासता घासता तिच्या बोटांची सालटी निघाली. मागच्या चाकातले छर्रे, म्हणजे बारीक लोखंडी गोळ्या, धुऊन ताटलीत ठेवले, तर एक कोंबडी आली आणि एक छर्रा गिळून गेली! अंजू तिच्यामागे अंगणभर धावली. शेवटी मुकुटबनच्या दुकानदाराने एक नवा छर्रा दिला, आणि कोंबडीची गोष्ट ऐकून दिवसभर हसत बसला.

सगळ्यात अवघड होते माझे मागचे चाक. ते डुलत होते. अंजू तारा आवळी, तसे ते अजूनच वाकडे होई. चार दिवस खेमसिंग बाजेवरून नुसते पाहत होते. पाचव्या दिवशी ते उठले.

"चाक असं सरळ होत नसते, बेटा. जिथं फुगलं तिथं आवळाची, अन् समोरची ढिली कराची. सारंच आवळलं तं मोडन ते."

त्यांनी उभ्या आयुष्यात बैलगाडीची चाके सांभाळली होती. चाकाजवळ खडू धरून ते चाक हळूहळू फिरवू लागले. खडू जिथे लागे, तिथली तार ते सांगत आणि अंजू पान्याने फिरवी. संध्याकाळी खडू कुठेच लागेना. दाराला लावून उरलेला हिरवा रंग मला मिळाला. नवे टायर, नवा ब्रेक आणि मागे एक मजबूत कॅरिअरही बसले. तिसऱ्या आठवड्यात अंजू मला चालवायला शिकली. दोनदा पडली, पण माझ्या आधी स्वतःकडे तिने पाहिले नाही.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडअळी हटत नव्हती. जो तो फवारणी करत होता. एका दुपारी अंजू पांदणीने, शेतांमधल्या गाडीवाटेने, जात असताना शेतातून हाक आली.

"अंजूबाई, धावा वो! यायले कायीच दिसून नाई राह्यलं!"

ती मैनाबाई होती. तिचा नवरा फकिरा मजुरीने फवारणी करायचा. पंप पाठीवर घेऊन तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कोसळला होता. तोंडातून लाळ गळत होती, सदरा फवारणीच्या विषारी औषधाने भिजला होता. अंजूने सदरा उतरवला, त्याला साबणपाण्याने धुतले आणि रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येणार होती. रस्ता होता दोन किलोमीटर दूर, आणि पांदणीत काळ्या मातीचा चिखल.

अंजूने फकिराला माझ्या कॅरिअरवर बसवले आणि दुपट्ट्याने सीटला बांधले. मैनाबाईने मागून धरले, अंजूने हँडल. माझ्या चाकांत चिखल भरायचा, त्या बोटांनी उकरायच्या आणि पुन्हा ढकलायच्या.

"भाऊ, झोपू नका. पोरीयची नावं सांगा."

फकिराने तीन नावे सांगितली. थोड्या वेळाने अंजूने पुन्हा विचारले, तेव्हा त्याला दोनच आठवली. अंजूने दात आवळले आणि असा जोर लावला की माझी दांडी करकरली. मी मनात म्हटले, आज मोडायचे नाही.

मी मोडले नाही. गाडी रस्त्यावर उभी होती.

फकिरा अकरा दिवस वणीच्या दवाखान्यात होता. तो वाचला, पण काही महिने त्याला सारे धूसर दिसत होते. त्यानंतर अंजू मला घेऊन शेतोशेती जाऊ लागली. वाऱ्याच्या तोंडाला फवारू नका, तोंड बांधा, औषध लागलेल्या हातांनी बिडी ओढू नका, असे सांगू लागली. काही जण हसत. मग फकिरा तिच्याबरोबर येऊ लागला. तो एवढेच म्हणे, "माह्या डोयाकडे पाहा, अन् मंग हासा." कुणी हसत नसे.

आता शेजारच्या गावची आशाताई बेबीताई हिने आपल्या नवऱ्याची काळी सायकल आणली आहे. गोठ्यामागे पडलेली होती. ती अंगणात उलटी ठेवलेली आहे, अंजू पाना शोधते आहे. त्या बिचारीला भीती वाटत असेल. मलाही वाटली होती.

मित्रांनो, तुमच्याही घरामागे कुणी असे गंजत उभे असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याला तुमचा एक रविवार द्या. आम्हाला बोलता येत नाही. तुम्ही फक्त जवळ या, आणि आमचे चाक एकदा हाताने फिरवून पाहा.