सहा मिनिटं दहा सेकंद

"गुडघा लावायचा नाही, बाई. आमच्या कागदात गुडघा नाहीये," घड्याळवाला म्हणाला.

"मग कागदालाच सांगा कव्हर चढवायला," काकू म्हणाल्या आणि गुडघ्यानं फोम दाबून त्यांनी कव्हराचा कोपरा खसकन खाली ओढला.

शेजारच्या टेबलावर विहीणबाई तोंड फिरवून हसल्या. घड्याळवाला मात्र हसला नाही. तो मुख्य ऑफिसातून आला होता, त्याच्या गळ्यात घड्याळ होतं आणि हातात पाटी. "खरी मोजणी जेवणानंतर. पाच सीट. आणि गुडघ्याशिवाय," एवढं सांगून तो पुढच्या टेबलाकडे गेला.

गाड्यांच्या सीट बनवायचा तो कारखाना. फोमच्या गादीवर कव्हर उलटं ठेवायचं, मधल्या शिवणी फोममधल्या तारेला रिंगांनी जोडायच्या, मग कव्हर सुलटं करत चारी बाजूंनी ओढायचं आणि गादी पालथी घालून खालून उरलेल्या रिंगा पकडीनं दाबायच्या. ऐकायला उशीला अभ्रा घालण्याइतकं सोपं. पण हा अभ्रा मुद्दामच उशीपेक्षा दोन बोटं लहान शिवलेला असतो, नाहीतर वर सुरकुत्या पडतात. त्या दोन बोटांसाठी माणसाची मनगटं झिजतात.

काकू हे काम बावीस वर्षं करत होत्या, चार मिनिटांना एक सीट. सगळे त्यांना झटपटकाकू म्हणत. "काहीतरीच तुमचं," असं त्या वरवर म्हणायच्या, पण एखाद्यानं नुसतं काकू म्हटलं तर त्यांना चुकल्यासारखं व्हायचं.

लेकीचं लग्न त्यांनी याच टेबलावर जमवलं होतं. शेजारच्या बाईचा मुलगा, बाई रोज डोळ्यांसमोर, मग वेगळी चौकशी कशाला करायची? लग्न झालं, शेजारणीची विहीण झाली आणि टेबलं तिथंच राहून मधलं अंतर वाढलं.

"तुमच्या लेकीला चहात साखर किती घालावी कळत नाही हो."

"तुमच्या चिरंजीवांना प्यालेला कप उचलून ठेवता येत नाही, तसंच असेल काहीतरी."

दिवस असे जायचे. गेल्या वर्षी विहीणबाई जिन्यावरून पडल्या. डावं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. ऑफिसात त्यांनी "ठणठणीत आहे" असं ठोकून दिलं, पण कव्हर त्या बोटांनी ओढत नव्हत्या, कोपरानं रेटत होत्या. दोघींच्या सीट एकाच ट्रॉलीवर जायच्या आणि आकडा ट्रॉलीचा धरला जायचा. तो रोज पुरा व्हायचा. कुणाच्या किती, हे विहीणबाईंनी कधी विचारलं नाही आणि काकूंनीही कधी काढलं नाही.

आता प्रत्येक टेबलाची मोजणी वेगळी होणार होती. सुपरवायझरनं सकाळीच सांगितलं होतं, "सगळ्यात जलद हात काकूंचा, तेव्हा वेळ त्यांच्यावरून ठरेल. थोडी सवलत मिळेल वर. त्यात ज्यांचं बसणार नाही, त्यांना कमी करणार."

सकाळभर काकू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत शेजारच्या पकडीची कटकट मोजत राहिल्या. विहीणबाईंना सीटमागे सहा मिनिटं लागत होती, कधी सहाच्या जरा वर.

जेवायला दोघी एकाच बाकावर बसल्या. "आज काय, तुमचाच दिवस," विहीणबाई म्हणाल्या. "दाखवा चमकून साहेबाला." बोलता बोलता त्यांनी डबा पोटाशी दाबून धरला आणि उजव्या हातानं झाकण ओढायला लागल्या. ते निघेना. काकूंनी हात पुढे केला तर त्या पाठमोऱ्या झाल्या.

ही बाई दिवसभर घरात बसली तर माझ्या पोरीचं काही खरं नाही, असं काकूंनी स्वतःला बजावलं. कारण चांगलं होतं, पण खरं नव्हतं; खरं कारण समोर पाठमोरं बसून झाकणाशी झटत होतं.

दुपारी घड्याळवाल्यानं बटण दाबलं. काकूंनी कागदाप्रमाणे गुडघा लावला नाही. पण वेळ सहा मिनिटांवर न्यायला नुसता गुडघा आवरून भागणार नव्हतं. हात ऐकेनात, पुढे पळायला बघत होते. त्यांना आवरायला त्यांनी एक रिंग पाडली, वाकून शोधली. कोपरा एकदा बसलेला सोडून पुन्हा बसवला. आयुष्यात एवढं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं. पाचव्या सीटला त्यांच्या कपाळावर घाम आला आणि तो अगदी खरा होता.

घड्याळवाल्यानं बेरीज करून सरासरी काढली, वर सवलत धरली. "सहा मिनिटं दहा सेकंद." मग जरा नाराजीनं म्हणाला, "मला वाटलं होतं, तुम्ही जलद आहात."

"वय झालं, साहेब."

सुपरवायझरनं वीस वर्षं हा हात पाहिला होता. त्यानं एकदा काकूंकडे, एकदा शेजारच्या टेबलाकडे पाहिलं आणि कागदावर सही केली.

आकडा भिंतीवर लागला. तेव्हापासून काकूंनाही रोज तेवढाच वेळ घ्यावा लागे. चार मिनिटांत करून दाखवलं असतं तर दुसऱ्या दिवशी घड्याळवाला परत आला असता. निवृत्तीला अजून चार वर्षं होती.

सुटीच्या दिवशी लेक आली. "आई, सासूबाई सगळ्यांना सांगतात, तुझा हात मंदावला म्हणून. म्हणतात, आता आम्ही बरोबरीच्या. तू सोड ना ते काम. कशाला हसं करून घेतेस?"

काकूंच्या जिभेवर सगळं आलं होतं. लेकीच्या कानी पडलं की ते रात्रीच्या आत सासूच्या कानी जाणार. त्या म्हणाल्या, "बरोबरीच्या आहोतच की."

पण ते लागलं. पुढे आठवडाभर त्या विहीणबाईंशी धड बोलल्या नाहीत.

मग एका दुपारी विहीणबाईंची सीट आधी झाली. त्यांनी ती ट्रॉलीवर ठेवली आणि शेजारी पाहिलं. काकूंची एकच रिंग उरली होती. ती त्या हल्ली मुद्दाम शेवटी ठेवत आणि घड्याळाचा काटा सरकेपर्यंत मुळातच गुळगुळीत असलेल्या कव्हरावरून तळवा फिरवत बसत.

विहीणबाई स्वतःचं टेबल सोडून आल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

"अहो, मनाला लावून घेऊ नका. होतं असं वयानं. द्या इकडे, कोपरा मी धरते, तुम्ही रिंग मारा."

त्यांनी वाकडं मनगट फोमवर टेकवलं आणि सगळा भार देऊन कोपरा दाबला. काकूंनी आपला हात काढून घेतला.

"बसलाय ना नीट?"

"हो," काकू म्हणाल्या. "छान धरलात." आणि त्यांनी पकड उचलून हळूच रिंग मारली.