शेवटच्या ब्लॉकची वायर

पैज लागली ती इमारतीच्या जिन्यासमोरच्या बाकावर, सूर्यफुलाच्या बिया फोडता फोडता. ईस्टरच्या आधी बुखारेस्टला जाऊन नेटवर्क डिझाइनची वरची परीक्षा देणार, असं साव्हिनने सांगितलं आणि मिशूने टरफल थुंकलं.

"एकोणपन्नासाव्या वर्षी? लेका, तुला कपाळावरचा चष्मा सापडत नाही, तू उत्तरं काय शोधणार!"

"लाव पैज."

"लावली! नापास झालास तर ईस्टरआधीच्या शनिवारी अख्ख्या जिन्यातल्या घरांचे गालिचे तू बडवायचे. तांती फ्रोसाचा फुलाफुलांचा एप्रन घालून."

"आणि पास झालो तर तू."

तळमजल्याच्या खिडकीतून सगळ्यांची मावशी, तांती फ्रोसा, ओरडली, "माझा एप्रन मला न विचारता पैजेला लावता? या मिशूच्या पोटाला त्याच्या नाड्या तरी पुरणार आहेत का!" पण बोलता बोलता तिनेच हात बाहेर काढून दोघांच्या जुळलेल्या हातांवर वरून चापट मारली. झाली पैज पक्की.

गालिचे बडवायची लोखंडी चौकट अंगणाच्या बरोबर मध्ये होती. चाळीस खिडक्यांतून दिसायची. मिशूला आतापासूनच गुदगुल्या व्हायला लागल्या.

पण साव्हिनला हसायला वेळ नव्हता. त्याची बायको औरिका नऊ वर्षं इटलीत परक्या म्हाताऱ्यांची आजारपणं काढत होती. बंदराच्या कचेरीत डिझाइनची जागा निघाली होती, पण या परीक्षेच्या कागदाशिवाय ती मिळणार नव्हती. मिळाली तर औरिका कायमची घरी. गलात्स शहरातल्या त्या जिन्यात हे सगळ्यांना माहीत होतं, मिशूलाही. म्हणूनच असेल, पैज विरुद्ध लावूनही तोच रोज संध्याकाळी साव्हिनकडे जाऊन बसायला लागला. एके काळी दोघांनी मिळूनच या वस्तीत वायरी ओढल्या होत्या. गच्चीवरून गच्चीवर, पॉप्लरच्या झाडांवरून, कुणाला न विचारता. कंपन्या आल्या नव्हत्या तेव्हा अख्ख्या वस्तीचं इंटरनेट या दोघांच्या पक्कडीवर चालायचं.

परीक्षा विचित्र होती. गिऱ्हाइकाची पत्रं वाचायची, त्याला नेमकं काय हवं ते ओळखायचं आणि तसं नेटवर्क आखायचं. एक उत्तर दिलं की पुढचं पान उघडतं आणि मागे फिरता येत नाही. मिशू गिऱ्हाईक व्हायचा. कधी कंजूष हॉटेलवाला, कधी दर पाच मिनिटांनी मन बदलणारा कारखानदार. सोंगं काढायला त्याला काय, जन्मभर तेच केलेलं. साव्हिन सगळं बरोबर आखायचा. एकाच जागी अडायचा.

"मी वाचनालयाचा अध्यक्ष," मिशू पोट पुढे काढून म्हणाला. "एका खोलीची शाखा आहे आमची. दिवसभर नेट बंद पडलं तरी चालेल, असं लिहून दिलंय. एकच लाइन हवी. काढ."

साव्हिनने दोन काढल्या.

"बहिरा आहेस का रे?"

"एक तुटली तर?"

"तुटू दे की! मालक मी आहे ना?"

साव्हिनने पेन्सिल खाली ठेवली. "शेवटच्या ब्लॉकला मी एकच टाकली होती, मिशू. दुसरी टाकली असती तर..."

मिशू उठून कॉफी ठेवायला गेला. जिन्यात कुणाशीही वाद घालणारा माणूस, पण त्या वाक्यापुढे त्याला उभं राहवेना.

कारण ती वायर तुटलीच नव्हती.

आठ वर्षांपूर्वीचा एक एप्रिल होता. औरिकाला इटलीत जाऊन वर्ष झालं होतं. तिची आई शेवटच्या ब्लॉकमध्ये, वस्तीच्या टोकाच्या इमारतीत, अंथरुणाला खिळलेली. बोलता येत नव्हतं तिला, म्हणून फोनचा उपयोग नव्हता. संध्याकाळी साव्हिन कॉम्प्युटर उशाशी ठेवायचा आणि माय-लेकी एकमेकींचं तोंड बघायच्या. एप्रिल फूल म्हणून मिशूने दुपारी गच्चीवरच्या डब्यातली वायर उपटून ठेवली. शेवटचा ब्लॉक तासभर बोंबलेल, मग आपण हसत हसत जोडू. मग कुणीतरी दान्यूब नदीवर मासे धरायला बोलावलं, बरोबर त्सुइकाची, आलुबुखाराच्या दारूची, बाटली होती, आणि तो विसरला. परत आला तेव्हा म्हातारी गेली होती. समोरचा पडदा काळाच राहिला होता. मिशूने गच्चीवर जाऊन वायर गुपचूप जोडली. वाऱ्याने निसटली असेल, असं साव्हिन स्वतःच म्हणाला. मिशूने मान हलवली. आठ वर्षं तो तशीच मान हलवत होता.

आताही कॉफी घेऊन आला तेव्हा म्हणाला, "परीक्षेत एकच काढ हां." एवढंच.

साव्हिन परीक्षा देऊन शुक्रवारी बुखारेस्टहून आला. मिशू स्टेशनवर उभा होता. विचारायची गरज पडली नाही.

"दोन प्रश्नांनी गेलं," साव्हिन म्हणाला. "दवाखान्याचं एक उपकेंद्र होतं. त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं, एक लाइन पुरे. मला उत्तर माहीत होतं रे. पण हात जाईना. तिथून पुढचं सगळं दुहेरीच आखत गेलो."

"परत बसता येतं ना?"

"महिन्याने. जागा तोवर ठेवतील म्हणतात. पण हात तोच असणार."

शनिवारी सकाळी साव्हिन एप्रन घालून खाली उतरला. चौकटीवर पहिला गालिचा टाकला आणि मारायला लागला. खिडक्या उघडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. तांती फ्रोसा म्हणाली, "साव्हिन, बाळा, राहू दे. पैजच ती."

"हरलो तांती. देणार."

मिशू बाकावर बसून होता. या दिवसासाठी त्याने चार टोमणे जुळवून ठेवले होते. चौथा गालिचा पडला तेव्हा तो उठला, चौकटीपाशी गेला आणि साव्हिनच्या हातातला बडवणा धरला.

"काढ तो एप्रन."

"का?"

"पैज मी हरलोय." मग त्याने खिडक्यांकडे बघितलं आणि आवाज चढवला, आठ वर्षांत प्रथमच थट्टेशिवाय. "ऐका सगळे! याच्या सासूच्या वेळची वायर वाऱ्याने निसटली नव्हती. मी उपटली होती. एप्रिल फूल म्हणून. आणि विसरलो. साव्हिन, तुझी एक वायर पुरेशी होती. मी हात लावला नसता तर त्या दिवशीही टिकली असती."

शिट्टी मारणारा आत गेला. साव्हिन एक पाऊल पुढे आला. तो मारणार असं तांतीला वाटलं, मिशूलाही. त्याने एप्रनची गाठ सोडली आणि एप्रन मिशूच्या छातीवर फेकला.

"घाल."

मिशूने घातला. नाड्या पुरल्या नाहीत, कुणी हसलं नाही. साव्हिन वर गेला आणि एक लाल-काळा गालिचा खांद्यावर टाकून आला. तो त्याने स्वतः चौकटीवर पसरला.

"औरिकाच्या आईंचा आहे. जोरात मार."

मिशू मारत सुटला. घाम डोळ्यांत उतरला तरी थांबला नाही. साव्हिनने खिशातून फोन काढला, औरिकाला लावला आणि पडदा त्याच्याकडे वळवला. एप्रन बघून ती तिकडे खळखळून हसली. "मिशू! हे काय सोंग काढलंस नवीन?"

मिशूने बडवणा खाली ठेवला.

"औरिका, हसू नकोस," तो म्हणाला. "आधी ऐक."